कोळशाच्या जोडीला शिवारातले जळण

कोळशावर चालणाऱ्या बॉयलरच्या त्याच भट्टीत, त्याच वेळी, शेतातले किंवा झाडाझुडपांचे जळणही काही प्रमाणात जाळणे याला सहज्वलन म्हणतात. पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या, सोयाबीनचे भुसकट, भुईमुगाची टरफले, उसाचा बगॅस, बांबू असे कोणतेही जळण त्यात येते. जेवढी उष्णता या जळणातून मिळते तेवढा कोळसा वाचतो. सोलापूर जिल्ह्यात हे मिश्रण तीन ठिकाणी पाहायला मिळते आणि तिन्ही ठिकाणचे काम वेगवेगळे आहे. पहिले ठिकाण दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडी येथील एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र. तेथे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यापारी वापरात आला. दुसरे ठिकाण साखर कारखान्यांचे सहवीजनिर्मिती प्रकल्प आणि तिसरे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांचे लहान बॉयलर.

सोलापूरला कोळशाचा धूर नवा नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून शहराचा दिवस भोंग्यावर आणि बॉयलरच्या वाफेवर चालला. तो कोळसा रेल्वेने दुरून यायचा, आजही दुरूनच येतो. जिल्ह्यात कोळशाची एकही खाण नाही. जळण मात्र शिवारात पडलेले असते. त्यामुळे कोळशाच्या जागी जवळचे जळण वापरावे हा विचार इथे सहज सुचणारा आहे. तो प्रत्यक्षात आणताना पहिला प्रश्न उभा राहतो तो या जळणाच्या मालकीचा.

शिवारातल्या काडीकचऱ्याला कागदावर सरसकट ‘अवशेष’ म्हटले जाते. सोलापूरच्या कोरडवाहू गावांत त्यातला बराचसा भाग आधीच कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला गेलेला असतो. ज्वारीचा कडबा हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली रब्बी ज्वारी धान्यासाठी जेवढी पेरली जाते तेवढीच वैरणीसाठी. कडबा शेकड्याच्या दराने विकला जातो आणि दुष्काळाच्या वर्षी त्याचा भाव धान्याशी स्पर्धा करतो. तो कुणी बॉयलरला देणार नाही आणि देऊही नये. तुराट्या चुलीला लागतात, कुडाला लागतात. सोयाबीनचे भुसकट काही जण जनावरांपुढे टाकतात, काही खतात घालतात. बगॅस साखर कारखान्याच्या स्वतःच्या बॉयलरला हवा असतो. मग उरते काय? उसाचे पाचट, पऱ्हाट्या, द्राक्षबागांच्या छाटणीच्या काड्या, सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या फांद्या आणि ओढ्याकाठी, माळावर माजलेली वेडी बाभूळ. तेल्या रोग पडलेल्या डाळिंबाच्या फांद्या तर बागेबाहेर नेऊन जाळाव्यात असाच सल्ला दिला जातो. म्हणजे ज्या जळणाला आज दुसरा मालक नाही आणि जे बहुतेक वेळा बांधावरच पेटवले जाते, असे जळण जिल्ह्यात आहे. सहज्वलनाचा विचार त्याच्यापासून सुरू झाला पाहिजे. कडब्यापासून नव्हे.

बगॅसचा अनुभव या भागाला सर्वांत जुना आहे. राज्यात साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा आघाडीवर आहे आणि गळीत हंगामात ऊस गाळल्यावर उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस उरतो. गव्हाणीपासून शेवटच्या मिलपर्यंत रस पिळून निघालेल्या या बगॅसमध्ये निम्मे पाणीच असते. बॉयलरवर काम करणाऱ्याला पाण्याचा हा आकडा प्रयोगशाळेकडून कळण्याआधी भट्टीच्या रंगावरून कळतो. ओलावा पन्नास टक्क्यांच्या आत असला की ज्वाळा पिवळी, खेळती राहते. मिलचा दाब बिघडून बगॅस ओला येऊ लागला की ज्वाळा लाल, जड होते, वाफेचा दाब उतरतो आणि चिमणीतून काळा धूर निघतो. अर्धवट जळालेल्या बगॅसचे हलके, काळे पापुद्रे धुराबरोबर वर जातात आणि आसपासच्या वस्तीत उतरतात. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर ते दिसतात आणि झटकायला गेले की चुरा होऊन डाग पाडतात. कारखान्याजवळच्या गावात हवा बिघडल्याची पहिली तक्रार या पापुद्र्यांवरूनच होते. मोजमापाच्या यंत्राला ते फारसे सापडत नाहीत. ते आकाराने मोठे असतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जात नाहीत. जो बारीक कण खोल जातो तो डोळ्यांना दिसत नाही, हे या कामात फार उशिरा उमगते.

सहवीजनिर्मितीचा प्रकल्प हंगाम संपल्यावरही चालवायचा असेल तर साठवलेला बगॅस पुरत नाही. तेव्हा काही ठिकाणी कोळसा मिसळला जातो. वीज केंद्रात कोळसा मुख्य आणि जळण जोडीला असते, इथे बगॅस मुख्य आणि कोळसा जोडीला. बगॅस हवेतच, जाळीवर पडता पडता पेटतो. कोळशाला जाळीवर पडून जळायला वेळ लागतो. एकाच जाळीवर दोन्ही चालवताना हवेचे वाटप बदलावे लागते. खालची हवा कमी पडली तर कोळशाचे निखारे राखेबरोबर बाहेर पडतात, जास्त झाली तर बगॅस न जळताच उडतो. जाणता बॉयलर अटेंडंट पाळी सुरू होताना आधी राखेचा रंग बघतो. पांढरट राख म्हणजे जळण पूर्ण झाले, काळी राख म्हणजे इंधनही वाया आणि हवाही खराब. राखेचा हा रंग वाचणे कुठल्याही नियमावलीत लिहिलेले नाही, तरी धूर कमी ठेवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

सोलापूरकरांना सहवीजनिर्मितीची चिमणी आणखी एका कारणाने ठाऊक आहे. कुमठे येथील श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी होटगी रोड विमानतळावरच्या उड्डाणांना अडथळा ठरते म्हणून १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. त्या वादाचा हवेच्या प्रदूषणाशी संबंध नव्हता. चिमणीची उंची कशासाठी असते, हे मात्र त्या निमित्ताने अनेकांनी विचारले. उंच चिमणी धूर कमी करत नाही. ती तो वरच्या थरात सोडते आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत पातळ करते. धूर खरोखर कमी करायचा असेल तर तो चिमणीच्या बुडाशी, गाळणीत अडवावा लागतो.

तिसरे ठिकाण लहान बॉयलरांचे. चादर आणि टॉवेलच्या धंद्यात सूत रंगवायला, धुवायला, वाळवायला वाफ लागते. अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि शहराच्या इतर भागांत ही वाफ लहान बॉयलरांतून येते. त्यांत कोळसा, लाकूड आणि ‘पांढरा कोळसा’ अशी तिन्ही इंधने परवडतील तशी वापरली जातात. पांढरा कोळसा म्हणजे टरफले, भुसकट, लाकडाचा भुसा यंत्राखाली दाबून केलेले दंडगोल ठोकळे. नावात कोळसा असला तरी त्यात कोळशाचा कणही नसतो. फायरमनच्या दृष्टीने त्याचे गुण लगेच कळणारे आहेत: तो लवकर पेटतो, राख थोडी सोडतो, गंधकाचा उग्र वास येत नाही. अवगुणही तसेच. पावसात भिजला की ठोकळा फुगून भुगा होतो, आणि भट्टीचे दार वारंवार उघडावे लागले तर थंड हवा आत शिरून धूर वाढतो. लहान बॉयलरमध्ये धूर गाळायला बहुतेक वेळा सायक्लोन असतो, म्हणजे धूर गरगरा फिरवून जड कण खाली पाडणारे नळकांडे. मोठे कण त्यात सापडतात, बारीक निसटतात. पांढऱ्या कोळशाचा धूर डोळ्यांना फिका दिसतो म्हणून तो निर्धोक समजणे चुकीचे आहे. चिमण्या बुटक्या असतात आणि वस्ती शेजारीच असते. त्यामुळे मोठ्या वीज केंद्राच्या तुलनेत इंधन नगण्य जळत असले तरी शेजारच्या घराच्या खिडकीपाशी या धुराचा वाटा मोठा असू शकतो.

फताटेवाडीच्या आकाराच्या केंद्रात सगळेच मोजमाप बदलते. दोन्ही संच पूर्ण भाराने चालले आणि कोळशाचा उष्मांक किलोला साडेतीन हजार किलोकॅलरीच्या आसपास धरला, तर दिवसाला सुमारे वीस हजार टन कोळसा लागतो. त्याच्या पाच टक्के म्हणजे रोज हजार टन जळण. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ८ ऑक्टोबर २०२१ च्या धोरणात कोळशावरच्या वीज केंद्रांना पाच टक्के आणि पुढे सात टक्के जळण मिसळणे बंधनकारक केले. जून २०२३ मध्ये ते सुधारून २०२४-२५ पासून पाच आणि २०२५-२६ पासून सात टक्के असे ठरले. त्याआधी २०१७ मध्ये एनटीपीसीने उत्तर प्रदेशातील दादरी येथे पेलेट, म्हणजे दाबून कांड्या केलेले जळण, मिसळून पाहिले होते. तिथला उद्देश दिल्लीभोवती पेटणाऱ्या भाताच्या पेंढ्याला दुसरी वाट देण्याचा होता. सोलापूरला भाताचा पेंढा नाही. धोरण मात्र देशभरच्या केंद्रांसाठी आहे, म्हणून इथल्या शिवारात काय जळते आणि कधी जळते हे इथल्यांनीच मांडले पाहिजे.

हजार टन जळण सुट्या स्वरूपात आणणे शक्य नाही. सुट्या पाचटाचे वजन घनमीटरला पन्नास-साठ किलो भरते. दाबून पेलेट केले की ते सहाशे किलोंच्या पुढे जाते. पेलेट म्हणजे करंगळीएवढ्या जाडीच्या कांड्या. त्या करण्यासाठी जळण वाळवावे लागते, भरडावे लागते आणि साच्यातून दाबून काढावे लागते. या प्रत्येक पायरीला वीज किंवा डिझेल लागते. सहज्वलनामुळे वाचलेल्या कोळशाच्या हिशेबातून ही ऊर्जा वजा करायला हवी. पेलेट चारशे-पाचशे किलोमीटरवरून ट्रकने आले तर तो डिझेलचा धूरही याच खात्यात मांडला पाहिजे.

पेलेटची पहिली परीक्षा प्रवेशद्वारावर होते. ट्रकमधून नमुना काढून ओलावा, राख आणि उष्मांक तपासला जातो. साध्या पेलेटमध्ये ओलावा १४ टक्क्यांच्या आत असावा लागतो. वाहतुकीत कांड्या मोडून भुगा किती झाला हेही पाहिले जाते, कारण तोच भुगा पुढे धुळीचा आणि आगीचा धोका बनतो. कोळसा उघड्या यार्डात पावसात भिजला तरी कोळसाच राहतो. पेलेट भिजला की त्याची लापशी होते. म्हणून शेड लागते, आणि शेडमध्येही मोठा ढीग आतून तापत नाही ना याकडे लक्ष ठेवावे लागते. ओल लागलेल्या जळणात सूक्ष्मजीव वाढतात, उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ढिगाच्या पोटात निखारा तयार होतो. साखर कारखान्याच्या बगॅस यार्डात काम केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात ढिगातून वाफेसारखा धूर दिसला की पाण्याची लाइन कुठे ओढायची हे त्याला पाठ असते. कोळसा हाताळणीत वाढलेल्याला ही सवय नव्याने लावून घ्यावी लागते.

खरी कसोटी कोळसा दळणाऱ्या मिलमध्ये लागते. वीज केंद्रात कोळसा तुकड्यांनी जाळत नाहीत. तो पिठासारखा दळून, गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकतात. कोळसा ठिसूळ असतो, रोलरखाली तुटतो. पेलेटचे तसे नाही, त्याचे तंतू पिंजले जातात. पाच-सात टक्क्यांपर्यंत तो कोळशाबरोबरच दळला जातो आणि मिलवर फारसा ताण येत नाही. प्रमाण वाढले की मोटारीचा प्रवाह चढतो, न दळलेले तुकडे मिलबाहेर टाकले जाऊ लागतात, मिलमधला दाबातला फरक वाढतो. याहून महत्त्वाची गोष्ट तापमानाची. भारतीय कोळशात उडून जाणारा ज्वलनशील भाग साधारण २० ते ३० टक्के असतो, जळणात तो ६५ ते ७५ टक्के असतो. म्हणून जळण फार कमी तापमानाला पेट घेते. मिलमध्ये येणारी हवा दोन-अडीचशे अंशांच्या पुढे असते. मिश्रण जाळताना मिलच्या तोंडाशी तापमान नेहमीपेक्षा खाली ठेवावे लागते, मिल बंद करताना आत जळण शिल्लक राहू द्यायचे नसते आणि कार्बन मोनॉक्साइडच्या काट्यावर नजर ठेवावी लागते. तो काटा हलला म्हणजे आत कुठेतरी धुमसते आहे. पेलेट आधी अडीचशे-तीनशे अंशांवर, अपुऱ्या हवेत भाजून घेतले तर ते कोळशासारखे ठिसूळ होतात, पाणी कमी शोषतात आणि दळायला सोपे जातात. भाजण्याचा खर्च मात्र किमतीत चढतो.

भट्टीच्या आत जळणाचा सगळ्यांत मोठा दोष पालाश आणि क्लोरीन यांचा. झाडाच्या हिरव्या, कोवळ्या भागात पालाश भरपूर असते. जे पालाश शेताला हवे तेच बॉयलरला नको असते. त्यामुळे राख लवकर वितळते, नळ्यांवर चिकट थर बसतो, तो उडवून काढणारे सूट ब्लोअर वारंवार चालवावे लागतात. क्लोरीन आणि पालाशाचे क्षार साडेपाचशे अंशांहून अधिक तापलेल्या सुपरहीटरच्या नळ्यांना खातात. डेन्मार्कमध्ये स्टुडस्ट्रुप येथील केंद्रात नव्वदच्या दशकात कोळशाबरोबर गव्हाचे काड जाळून हे दोन्ही त्रास बारकाईने अभ्यासले गेले. पावसात धुऊन निघालेले, करडे पडलेले काड तिथे अधिक पसंत करतात, कारण पालाश आणि क्लोरीन पाण्याबरोबर निघून गेलेले असते. सोलापूरचे पाचट नोव्हेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत उघडे पडते, म्हणजे पालाश त्यातच राहते. इथे एक गोष्ट मदतीला येते. भारतीय कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते आणि त्या राखेतील सिलिका व ॲल्युमिना पालाशाला धरून ठेवतात. कोळशातला गंधकही पालाशाच्या क्लोराइडचे कमी घातक सल्फेट करतो. कोळशाची बदनाम राख इथे संरक्षण करते. अर्थात प्रमाण लहान असेपर्यंतच.

आता हवेचा हिशेब. दिवसाला हजार टन कोळशाच्या जागी साधारण तेवढ्याच उष्मांकाचे पेलेट आले असे धरू. ३५ टक्के राखेच्या कोळशातून ३५० टन राख निघाली असती, १० टक्के राखेच्या पेलेटमधून १०० टन निघेल. अडीचशे टन राख कमी हाताळावी लागेल. होटगी परिसरातील सिमेंटचे कारखाने फ्लाय ॲश वापरतात. राखेत जळणाचा अंश फार वाढला तर सिमेंटसाठी तिची गुणवत्ता पुन्हा तपासावी लागते, पाच टक्क्यांनी तो प्रश्न गंभीर होत नाही. गंधक कोळशात अर्धा टक्का धरला तर हजार टनांमागे सुमारे दहा टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो. जळणात गंधक एक दशांश टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे दोन टन. दिवसाला आठ टनांची बचत. आकडा मोठा वाटतो, पण केंद्राचा एकूण सल्फर डायऑक्साइड या हिशेबाने दोनशे टन होतो आणि त्यातले चारच टक्के कमी झालेले असतात. चुनखडीच्या पाण्याने धूर धुणारी गंधकहारक यंत्रणा नव्वद टक्क्यांहून अधिक वायू अडवते. सहज्वलन तिची जागा घेऊ शकत नाही. तशी अपेक्षा ठेवणे म्हणजे हवेचीच फसवणूक आहे.

नायट्रोजनच्या ऑक्साइडांत थोडी घट मिळते, कारण जळणात नायट्रोजन बहुधा कमी असतो आणि त्याचे वायू आधी पेटून ज्वाळेतला ऑक्सिजन संपवतात. कणांचे गणित गुंतागुंतीचे आहे. एकूण राख घटते, पण पालाशाचे क्षार वाफ होऊन थंड होताना मायक्रॉनपेक्षा लहान कण बनतात आणि धुरातले कण विद्युतभाराने ओढून घेणारा विद्युत अवक्षेपक नेमक्या याच आकाराच्या कणांना पकडण्यात सर्वांत कमकुवत असतो. बाकीचे जवळजवळ सगळे कण तो अडवतो. डिसेंबर २०१५ च्या नियमांनुसार २०१७ पासून सुरू झालेल्या संचांना चिमणीत घनमीटरला ३० मिलीग्रॅम कणांची मर्यादा आहे. साखर कारखान्यांसाठी २०१६ च्या नियमांत ती १५० मिलीग्रॅम आहे. तेच जळण कोणत्या चिमणीखाली जळते यावर हवेत जाणारा कण पाचपटीने बदलू शकतो.

या धुळीचा त्रास चिमणीबाहेरच्यांच्या आधी आतल्यांना होतो. कोळशाच्या धुळीत सिलिका असते. जळणाच्या धुळीत बुरशी आणि जिवाणू असतात. साठवलेला, उबलेला बगॅस हाताळणाऱ्यांना होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला ‘बगॅसोसिस’ असे नावच आहे. ताप, कोरडा खोकला, दम लागणे ही लक्षणे काम संपल्यावर काही तासांनी दिसतात, म्हणून साधे सर्दी-पडसे समजून ती अंगावर काढली जातात. पेलेटचा भुगा उडणाऱ्या पट्ट्यावर, ट्रक रिकामे होतात त्या ठिकाणी, शेडमध्ये झाडू मारणाऱ्या कंत्राटी कामगारालाही हाच धोका आहे. तोंडाला उपरणे बांधून बारीक धूळ अडत नाही. धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि योग्य मुखवटा या गोष्टी पेलेटच्या दराइतक्याच महत्त्वाच्या मानायला हव्यात.

शहराच्या हवेत या सगळ्याचा माग काढणे अवघड आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात प्रमाणकापेक्षा खराब हवेच्या शहरांत सोलापूरचा समावेश आहे. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा परिसर आणि सात रस्ता येथे हवेचे नमुने घेतले जातात. पीएम १० साठी वार्षिक प्रमाणक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, पीएम २.५ साठी ४० आहे. कोरड्या हवामानाच्या या शहरात रस्त्यावरची धूळ पीएम १० मोठ्या प्रमाणात वाढवते, त्यामुळे वीज केंद्रात पाच टक्के कोळसा कमी झाल्याचा परिणाम सात रस्त्याच्या आकड्यात शोधून सापडणार नाही. बारीक कणांचे तसे नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन अडकते, वरच्या उबदार थराचे झाकण बसते. नेमके तेच दिवस गळिताचे आणि पाचट पेटवण्याचे असतात. त्या दिवसांत तालुक्यांतून येणारा धूर शहरावर साचतो.

म्हणून शेवटी प्रश्न पुन्हा शेतातल्या आगीकडे येतो. एक टन भाताचा पेंढा उघड्यावर जाळला तर सुमारे ३ किलो कण, ६० किलो कार्बन मोनॉक्साइड, १,४६० किलो कार्बन डायऑक्साइड, २ किलो सल्फर डायऑक्साइड हवेत जातो आणि १९९ किलो राख उरते, असा अंदाज देशात सर्वत्र वापरला जातो. पाचटाचे आकडे वेगळे असले तरी जात तीच. उघड्या आगीला ना हवेचे वाटप असते, ना गाळणी. तेच जळण वीज केंद्राच्या भट्टीत पूर्ण जळते आणि त्याचे बहुतेक कण अवक्षेपकात अडतात. हवेचा खरा फायदा इथे आहे, कोळशाच्या पाच टक्क्यांत नव्हे. पेलेट वेड्या बाभळीचा किंवा मुद्दाम लावलेल्या बांबूचा असेल तर कोळसा वाचतो, कार्बनचा हिशेब सुधारतो, पण बांधावरची आग तशीच राहते. इंग्लंडमधील ड्रॅक्स केंद्र अमेरिका आणि कॅनडातून जहाजाने लाकडाचे पेलेट आणून चालते आणि त्या लाकडाच्या उगमावरून तिथे वाद सुरू आहे. जळण कुठून आले याचा कागद इथेही पहिल्या दिवसापासून ठेवायला हवा.

हेक्टरी आठ-दहा टन वाळके पाचट धरले तर हजार टन पेलेटसाठी रोज शंभर ते सव्वाशे हेक्टरांवरचे सगळे पाचट लागेल. चांगल्या पावसाच्या वर्षी जिल्ह्यात ऊस लाखाहून अधिक हेक्टरांवर असतो, तेव्हा ते मिळणे अशक्य नाही. पण सगळे उचलणे योग्यही नाही. वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात खोडव्याच्या सरीत पसरलेले पाचट पाण्याची वाफ अडवते, तण दाबते आणि कुजून जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढवते. ज्याला पाचट आच्छादन करता येते त्याने ते करावे. वीज केंद्राने त्याच्याशी स्पर्धा करू नये. उचलायचे असेल तर अर्धे, आणि तेही जो शेतकरी आज पेटवतोच त्याच्या रानातले.

तो का पेटवतो, हे रानात उभे राहिल्यावर कळते. टोळीने फड तोडून नेला की सरी गुडघाभर पाचटाने झाकलेली असते. खोडव्याला खत आणि पाणी द्यायची घाई असते, पाटाचे पाणी पाळीने येते, पाचटात उंदीर आणि सापाची भीती असते, आणि ते गोळा करायला मजूर मिळत नाहीत. पेटवले तर एका संध्याकाळी रान मोकळे होते. कधी शेजाऱ्याची ठिबकची नळी वितळते, कधी बांधावरचे आंब्याचे झाड होरपळते. पाचट उचलायचे तर आधी रेकने ओळी कराव्या लागतात, मग बेलरने गाठी बांधाव्या लागतात. सकाळचे दव सुकल्याशिवाय बेलर चालवता येत नाही, कारण ओली गाठ आतून तापते. तोडणी आणि खोडव्याचे पहिले पाणी यांच्यामध्ये आठ-दहा दिवस मिळतात. तेवढ्यात बेलर पोहोचला तर गाठी ट्रॅक्टरवर चढतात. नाही पोहोचला तर संध्याकाळी वारा पडला की बांधावर काडी ओढली जाते.